प्रोग्रेसिव्ह चष्मा : दोष सवयीचा की मापाचा? मदत हवी आहे

नमस्कार. माझे वय ४९ असून दूरचा नंबर उणे २.२५ आणि वाचनासाठीची ॲडिशन (जवळचे दिसण्यासाठी दूरच्या नंबरात मिळवायची वाढीव शक्ती) १.७५ आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह काचा, म्हणजे एकाच काचेत वर दूरचा, मध्ये संगणकाच्या अंतराचा आणि खाली वाचनाचा नंबर असलेल्या काचा, बसवून घेतल्या. जिना उतरताना पायरी काचेच्या खालच्या, वाचनाच्या भागातून दिसत असल्याने ती वर आल्यासारखी भासते, पण तेव्हा हनुवटी खाली घ्यायची, एवढे आता अंगवळणी पडले आहे.

खरी अडचण संगणकाची आहे. दिवसभर हिशेबाचे तक्ते पाहताना स्पष्ट दिसणारा मधला पट्टा इतका अरुंद वाटतो की कडेचा रकाना वाचायलाही मान वळवावी लागते, आणि हनुवटी सतत वर ठेवल्यामुळे संध्याकाळपर्यंत मान आखडते. फ्रेम बोटाने दोन-तीन मिलिमीटर वर उचलली, तर आकडे लगेच ठळक होतात. दुकानात बाहुल्यांमधील अंतर मोजले होते. मात्र फ्रेम चेहऱ्यावर ठेवून बाहुलीची उंची काचेवर खूण करून घेतल्याचे मला आठवत नाही.

नाकावरचे पॅड वाकवून हे सुधारेल, की काचा पुन्हा बनवण्याचा आग्रह धरावा? संगणकासाठी वेगळ्या ऑफिस लेन्स (संगणकाच्या आणि जवळच्या अंतरासाठीच बनवलेल्या काचा) घेतलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.