क्रॅश टेस्टला मृतदेह वापरणं ही विटंबना कशी काय?

गाडीवेडा: काल इथे एकाने लिहिलं की गाड्यांच्या टेस्टसाठी मृतदेह आपटणं ही विटंबना आहे, डमी, म्हणजे माणसाच्या मापाचे चाचणीचे पुतळे, आणि कॉम्प्युटर असताना गरजच काय. वाचून राहवलं नाही. अहो छाती किती दबली की बरगडी मोडते हे डमीला कुठून कळणार? ते आकडे माणसाच्या देहावरूनच काढावे लागतात. डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीत हे काम १९३९ पासून चालू झालं. तिथल्याच अल्बर्ट किंग यांनी १९९५ मध्ये हिशोब मांडला की या संशोधनामुळे अमेरिकेत वर्षाला साधारण ८५०० जीव वाचतात. आपण बेल्ट लावतो तो त्या देहांच्या जिवावर.

कोकणकडा: आकडे सांगणं सोपं आहे. माझ्या मामांचं देहदान होतं, मेडिकल कॉलेजच्या दारात दोन तास गाडी उभी, का तर कागदावर एक सही राहिली. मामी पायरीवर बसलेली, हातात मामांचा चष्मा घट्ट धरून. पुढे त्या देहाचं काय झालं ते आजवर कुणी सांगितलं नाही. उद्या कुठे बांधून आपटला तर आम्हाला विचारणार कोण?

फिजिओताई: सही राहिली यात संशोधनाचा काय दोष? आमच्या बाबांचं पुण्यात अर्ध्या तासात झालं, लोक अदबीने वागले.

कोकणकडा: तुमचं नीट झालं म्हणून मामी खोटी का? जरा जपून बोला.

फिजिओताई: खोटी कोण म्हणालं? पण तुमचं ऐकून चार जण फॉर्म भरायचे थांबतील त्याचं काय?

लालपरी: देहदानावरच भांडत बसा. नेहमीची हायब्रिड थ्री डमी १९७६ ची, १७५ सेंमी, ७८ किलोचा पुरुष. माझी आई चार फूट दहा इंच, क्लचला पाय पोचावा म्हणून स्टेअरिंगला पोट टेकवून बसते. तिचा विचार कोणी केला? व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात समोरच्या धडकेत बेल्ट लावलेल्या बायकांना गंभीर इजेची शक्यता पुरुषांपेक्षा ७३ टक्के जास्त निघाली. लहान बाईची डमी आहे पण ती बहुतेक पुरुषाचीच मापं कमी करून बनवलेली.

गाडीवेडा: हे मान्य, मी पुरुषांच्याच डमीवर बोलत होतो. पण बाईच्या बरगडीचे आकडे हवेत तर बायकांचेही देह लागणारच ना, कॉम्प्युटर मॉडेलसुद्धा शेवटी त्यांच्याशीच ताडून बघतात.

कोकणकडा: बरं, लालपरीच्या आईसाठी मानलं. पण फॉर्मवर वेगळी ओळ पाहिजे, धडकेच्या चाचणीला देह वापरला तर चालेल का म्हणून. ती छापून आणा, मी सही करतो, तोवर नाही.