पास वेल्ड करू नका, बोल्टने बसवा
मिनी ट्रॅक्टरच्या वखराला ट्रकच्या जुन्या पाट्याची (स्प्रिंगच्या पट्टीची) पास, म्हणजे माती कापणारं आडवं पातं, करायची आणि ती वेल्ड करायची असं तुम्ही म्हणता; पाट्यापर्यंत तुमचं बरोबर आहे. पण ती थेट वखराच्या पायांना वेल्ड करायचा बेत सोडा. मी तेच केलं होतं. कपाशीचं रान तयार करताना दुसऱ्याच तासाला पास तुटली, आणि वेल्ड मात्र जसाच्या तसा! तुटली ती त्याला लागून, काच फुटावी तशी सरळ. पाट्यात कार्बन जास्त. वेल्डची धग झटकन उतरली की शेजारची पट्टी ठिसूळ होते. वेल्ड करायचाच तर पाटा आधी तापवा, ७०१८ चा (कमी हायड्रोजनचा) कोरडा वेल्डिंग रॉड वापरा आणि नंतर राखेत गाडून सावकाश निवू द्या.

मी आता पायांना साध्या लोखंडाच्या जाड पट्ट्या वेल्ड करून पास बोल्टने आवळतो. पाटा ड्रिलला दाद देत नाही, म्हणून भोकाची जागा लालबुंद करून रात्रभर राखेत ठेवली. सकाळी लोण्यासारखं नाही, पण भोक पडलं.

वखर ट्रॅक्टरला जोडायच्या पिनांचं माप आधी ट्रॅक्टरवर घ्या. मागच्या तीन-बिंदू जोडणीच्या कॅटेगरी १ या मापाला खालच्या दोन दांड्यांना २२ मिमी, वरच्या दांडीला १९ मिमी पिन लागते.