चार फुटी टाकीत टँग ठेवावा की ठेवू नये?

भरतीरेषा :
घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी टँग हा समुद्री मासा घ्यायचा आहे असे कुणी म्हटले, की ‘टाकी सहा फुटांपेक्षा लहान असेल तर विचारही करू नका’ असे पहिल्याच उत्तरात बजावले जाते. हा सरसकट नियम मला मान्य नाही. आपण टँग म्हणतो त्या अकँथुरिडी कुळात ८० हून अधिक जाती आहेत आणि त्यांच्या आकारमानात, आहारात व वावरात इतका फरक आहे, की सर्वांना एकच माप लावणे म्हणजे निवड करण्याचे कष्ट टाळणे होय. व्लामिंगी नासो ६० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. त्याला घरगुती टाकीत जागाच नाही, याबद्दल वाद नसावा. सोहल ४० सेंटीमीटरचा होतो आणि वयात आल्यावर टाकीतील प्रत्येक माशावर धावून जातो. याउलट टोमिनी टँग १५-१६ सेंटीमीटरच्या आसपास थांबतो, कोले टँगही थोडाच मोठा होतो आणि हे दोघे दिवसातील बराचसा वेळ खडकावरचा थर खरवडण्यात घालवतात. चार फूट लांबीच्या, साडेतीनशे लिटरच्या आणि खडकांची रचना मोकळी ठेवलेल्या टाकीत असा एक मासा ठेवणे मला गैर वाटत नाही. लांबीच्या आधी जात ठरवा आणि जातीच्या आधी आपली टाकी त्याला खाऊ घालण्याइतकी मुरलेली, म्हणजे खडकांवर शेवाळ धरण्याइतकी जुनी, आहे का ते पाहा, असे माझे म्हणणे आहे.

खारेवारे :
आपला युक्तिवाद वाचायला सोयीचा आहे, पण त्याचा उपयोग कसा होतो तेही पाहायला हवे. ‘चार फुटांत टँग चालतो’ एवढेच वाक्य वाचणारा माणूस टोमिनी घेत नाही. तो समोर दिसणारा, पाच सेंटीमीटरचा निळा हेपॅटस टँग घेतो, जो पुढे ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि घाबरला की खडकाच्या फटीत अंग घालून पडून राहतो. ‘मोठा झाला की मोठी टाकी घेऊ’ हे आश्वासन तर सगळेच स्वतःला देतात.

दुसरे म्हणजे, माशाची लांबी आणि त्याला लागणारी पोहण्याची जागा यांचे गणित सरळ नाही. ॲकिलिस टँग फार मोठा होत नाही, पण तो लाटा फुटतात त्या पट्ट्यात, जोरदार प्रवाहात आणि प्राणवायूने भरलेल्या पाण्यात राहणारा मासा आहे. सेंटीमीटर मोजून त्याला चार फुटी टाकीत सोडले, तर काचेलगत एकसारखा फेऱ्या मारताना तो दिसेल आणि मालक त्यालाच चपळपणा समजेल. नियम ढोबळ असतो हे मला मान्य आहे. पण नवख्या माणसासाठी तो ढोबळ असणेच हिताचे आहे.

शेवाळभक्त :
दोन्ही बाजूंनी लांबीवरच बोलले जात आहे, म्हणून पोटाविषयी लिहितो. झेब्रासोमा गटातील यलो टँग किंवा सेलफिन यांचे तोंड लांबुडके असते आणि ते फटीतील तंतुमय शेवाळ उपटून खातात. टोमिनी व कोले हे टेनोकीटस गटातले. त्यांचे दात बारीक व लवचिक असतात, त्यामुळे ते डायटम या सूक्ष्म शेवाळाचा थर आणि गाळ कंगव्यासारखा विंचरून काढतात. म्हणूनच भरतीरेषा यांनी सुचवलेला ‘लहान टाकीचा’ मासा नव्या, लख्ख टाकीत सर्वांत आधी उपाशी राहतो. नोरीची (वाळवलेल्या समुद्री शेवाळाची) पट्टी चिमट्याला लावून दिली तरी ती खाण्याची सवय त्याला लागावी लागते.

कोळंबी आणि तत्सम मांसाहारावर टँग जगतो, वाढतोही. पण हळूहळू डोक्यामागचा भाग खोलगट होत जातो. या माशांच्या आतड्यात वनस्पतिजन्य आहार पचवण्याशी निगडित सूक्ष्मजीवांची मोठी वस्ती असते. तांबड्या समुद्रातील एका टँगच्या आतड्यात १९८५ साली नुसत्या डोळ्यांना दिसू शकेल एवढा, अर्ध्या मिलिमीटरहून मोठा जीव सापडला होता आणि तो जिवाणू आहे हे सिद्ध व्हायला १९९३ साल उजाडले. विषयांतराबद्दल क्षमस्व, पण ज्या पोटात एवढी व्यवस्था आहे त्याला दिवसातून एकदा चिमूटभर दाणे टाकून भागत नाही, एवढेच सांगायचे होते.

तळटीप :
लांबी आणि आहार या दोन्हींपेक्षा अधिक टँग मरीन इच या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाने मरतात, हे कुणी का लिहीत नाही? त्याला कारण असलेला क्रिप्टोकॅरियन हा परजीवी माशावर ३ ते ७ दिवस राहतो, मग गळून तळाशी कोष करतो, त्यात विभागून शेकड्याने नवे जीव सोडतो. माशावरचे पांढरे ठिपके गेले म्हणजे रोग गेला असे मानणारा मालक याच टप्प्यावर फसतो. पावडर ब्लू टँग तर या रोगाला इतका सहज बळी पडतो, की वेगळ्या टाकीत निरीक्षणाखाली ठेवण्याची तयारी नसेल तर तो घेऊच नये, मग मुख्य टाकी आठ फुटांची का असेना.

कॉपरचा (तांबेयुक्त औषधाचा) उपचार मुख्य टाकीत करता येत नाही, कारण ते प्रवाळ आणि कोळंबीसारख्या प्राण्यांना मारक असते आणि खडकात शोषलेही जाते. रोग एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती किमान ६ आठवडे, आणि सावधपणे वागायचे तर ७६ दिवस, माशांविना ठेवावी लागते. विकत घेताना मासा आपल्यासमोर खातो का, कल्ल्यांची हालचाल घाईची आहे का आणि पोट आत गेलेले आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खारेवारे :
तळटीप यांच्याशी पूर्ण सहमत. पण त्यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे : अपुऱ्या जागेत ताणाखाली असलेला मासा रोगाला लवकर बळी पडतो.

भरतीरेषा :
ताण केवळ जागेने येत नाही, सोबतीनेही येतो. सहा फुटी टाकीत आधी पर्पल टँग सोडून सहा महिन्यांनी त्याच्याच गटातला यलो टँग घालणाऱ्याची टाकी नियमात बसते, मात्र शेपटीच्या बुडाशी असलेल्या काट्याने नव्या माशाची कूस फाटायला एक रात्र पुरते. सारख्या शरीराचे टँग एकमेकांना अधिक छळतात; भांडखोर मासा शेवटी सोडावा, किंवा सगळे एकाच वेळी सोडावेत, आणि नवागताला काही दिवस जाळीच्या पेटीत ठेवून जुन्यांची नजर त्याला सरावू द्यावी. हे न करता केवळ फूटपट्टी दाखवणाऱ्या सल्ल्याला माझा विरोध आहे. हेपॅटसविषयी आपण लिहिले ते मात्र रास्त आहे. म्हणूनच मी जातीचे नाव घेऊन बोलतो आहे.

निळीशाई :
मूळ प्रश्न आणखी मागे न्यावा असे वाटते. यलो टँगचा मोठा पुरवठा कैक वर्षे हवाई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून होत होता. १९९९ च्या अखेरीस तिथला सुमारे ३५ टक्के किनारा मत्स्यालयांसाठीच्या मासेमारीला बंद झाला, आणि २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणीय परीक्षणाशिवाय परवाने देता येणार नाहीत असा निर्णय दिला. २०१५ मध्ये हवाईतील ओशनिक इन्स्टिट्यूटने यलो टँगची पिल्ले प्रयोगशाळेत वाढवून दाखवली, तर २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात हेपॅटस वाढवला गेला. निसर्गात यलो टँग ४० वर्षांपर्यंत जगल्याची नोंद आहे. एवढे आयुष्य असलेला मासा समुद्रातून उचलून आणायचा आणि मग तो चार फुटांत ठेवायचा की सहा, यावर वाद घालायचा, हे मला पटत नाही. पैदास केलेला मिळत असेल तर तोच घ्यावा, नाहीतर टँगचा नाद सोडावा.

शेवाळभक्त :
पैदास केलेल्या यलो टँगचा आणखी एक फायदा असा, की तो लहानपणापासून तयार अन्नाला सरावलेला असतो. पण तोही पूर्ण वाढीला २० सेंटीमीटरचा होतोच.

खारेवारे :
टोमिनी आणि कोले, मुरलेली टाकी, एकच मासा, एवढ्या अटींवर चार फूट मी वादापुरते सोडून देतो. यलो टँगला मात्र सहा फूट, तो कुठूनही आलेला असो. त्याबाबत माझे मत बदललेले नाही.

भरतीरेषा :
आणि माझे मत असे, की पाच फुटी, पण पुढून मागे रुंद असलेली टाकी एका यलो टँगला पुरते. सहा फूट लांब पण दीड फूटही रुंद नसलेल्या, खडकांनी काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा ती त्याला अधिक मोकळी असेल. खडक मागच्या काचेपासून सुटा ठेवला, तर माशाला त्याभोवती पूर्ण फेरी घालता येते. टाकीची मापे सांगताना पुढच्या प्रत्येकाने रुंदी आणि खडकांनी व्यापलेली जागाही लिहावी, अशी विनंती आहे.