मदत हवी आहे : रबौलच्या वैमानिकांचा थकवा आणि मनोधैर्य कसं सांभाळायचं? (वॉर इन द पॅसिफिक)

नमस्कार मंडळी,

'वॉर इन द पॅसिफिक : अ‍ॅडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धातल्या प्रशांत महासागरातील लढाईवरचा संगणकी खेळ खेळणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवा आहे. मी जपानकडून मोठी मोहीम खेळतोय. समोर एक मित्र आहे, आम्ही ईमेलवर एकेका दिवसाचा टर्न पाठवतो. खेळात सप्टेंबर १९४२ लागलाय. त्याने सॉलोमन बेटांतलं ग्वादलकनाल घेऊन तिथल्या हेंडरसन फील्ड या धावपट्टीवर वाइल्डकॅट ही अमेरिकन लढाऊ विमानं आणून बसवलीत आणि माझी झीरो ही जपानी लढाऊ विमानं रबौल या माझ्या मुख्य तळावरून रोज तिथवर जाऊन येतायत. विमानांची चणचण नाही, कारखान्यातून नवी येतात. जुने मुरलेले वैमानिक मात्र संपत चाललेत आणि त्यांची जागा घ्यायला माझ्याकडे कोणी नाही.

नेमकं काय होतं ते सांगतो. बॉम्बर धावपट्टीवर हल्ल्याला, झीरो त्यांच्या संरक्षणाला (एस्कॉर्ट), पल्ला पूर्ण. सुरुवातीचे काही टर्न झकास जातात. मग तुकडीचा थकवा चढत जातो, मनोधैर्य उतरत जातं आणि एखाद्या दिवशी झीरो निम्मेच उडतात. बॉम्बर मात्र ठरल्याप्रमाणे निघालेले असतात आणि वाइल्डकॅट त्यांची लांडगेतोड करतात. लढाईच्या अहवालात पडलेले झीरो थोडेच दिसतात, पण दिवसाअखेर नुकसानीची यादी उघडली की अपघातात गेलेले त्याहून जास्त निघतात. थकलेला माणूस परतीच्या वाटेवर किंवा उतरताना जातो. यात शत्रूला काही करावंच लागत नाही.

वैमानिकांची यादी थकव्याप्रमाणे लावून पाहिली, तर सगळ्यात वर आले ते सगळे ऐंशीच्या वर अनुभव असलेले. नवी पोरं खाली ताजीतवानी बसलेली. हा योगायोग आहे, की संगणक उड्डाणासाठी अनुभवी माणसांनाच आधी काढतो? हे कळलं तर माझा निम्मा गुंता सुटेल.

अंतराचं दुखणं खरंच मोठं आहे. रबौल ते ग्वादलकनाल एका बाजूने सुमारे ५६० सागरी मैल, म्हणजे हजार किलोमीटरच्या वर. एकट्या माणसाने एका इंजिनच्या विमानात सहा तासांहून जास्त बसायचं आणि त्यातली जेमतेम काही मिनिटं लक्ष्यावर लढायचं. प्रत्यक्ष युद्धातही ७ ऑगस्ट १९४२ ला, अमेरिकन ग्वादलकनालवर उतरले त्या पहिल्याच दिवशी, जपानी नौदलाच्या ताइनान हवाई गटाचे साबुरो साकाई डोक्याला गोळी लागून, एका डोळ्याने आंधळे होऊन याच वाटेने रबौलला परतले होते. त्याच गटाचे जुनिची सासाई २६ ऑगस्टला गेले ते गेलेच. झीरोचं मॉडेल ३२ नवं असूनही पल्ला कमी म्हणून या कामाला चालत नव्हतं. खेळातही तेच आहे, त्यामुळे सगळा भार जुन्या मॉडेल २१ वर आणि ते चालवणाऱ्या त्याच त्या माणसांवर.

अमेरिकेचं उलट होतं. हेंडरसनवर २० ऑगस्टला उतरलेली अमेरिकन मरीन कोरची लढाऊ स्क्वाड्रन २२३ मलेरिया, जुलाब आणि रात्रीचे तोफांचे मारे सोसून ऑक्टोबरच्या मध्यात मागे नेली गेली आणि तिच्या अनुभवी वैमानिकांनी पुढे नवे तयार केले. जपानने आपली माणसं पडेपर्यंत आघाडीवर ठेवली. मला ते टाळायचं आहे, खेळ जिंकण्यापेक्षाही मला याचीच जास्त ओढ आहे. हे वैमानिक १९४३ च्या मध्यापर्यंत जिवंत राहिले, तर त्यांच्या हाताखाली पुढची फळी उभी राहू शकते.

आता प्रश्न. विश्रांतीची टक्केवारी (तुकडीतला किती भाग उडवायचा नाही ते) वीस ठेवून पाहिली, तर रोज जाणारी विमानं कमी झाली आणि थकवा फार उतरला नाही. त्यापेक्षा दोन दिवस सगळ्यांनी मिळून जोरदार हल्ला करायचा आणि मग अख्ख्या तुकडीला चार दिवस जमिनीवर ठेवायचं, हे बरं का? मित्राला त्या चार दिवसांत धावपट्टी दुरुस्त करून घ्यायला वेळ मिळतो, हीच धास्ती आहे.

दुसरं, थकलेल्यांना गटाच्या राखीव यादीत टाकलं की ते ताजे व्हायला साधारण किती टर्न लागतात? विमानांच्या दीडपट वैमानिक ठेवून आलटून-पालटून उडवणारं कोणी आहे का?

तिसरं, तुकडी ट्रुक या मागच्या जपानी तळावर नेली तर मनोधैर्य लवकर सावरतं का, की रबौललाच पुरवठा आणि जमिनीवरचे मेकॅनिक भरपूर ठेवले तरी तेवढंच होतं? ट्रुकपर्यंतचा प्रवासही लांबचा आहे, त्यानेच थकवा वाढला तर काय मिळवलं?

आणि हा सगळ्यात अडचणीचा. ऐंशीच्या वरच्या वैमानिकांना आत्ताच प्रशिक्षण केंद्रात पाठवू का? तिकडे ते नव्यांची तयारी लवकर करून घेतील, पण आत्ता एस्कॉर्टला उरतील ती पोरंच.

बुईनची धावपट्टी बांधायला घेतलीय. बूगनविलच्या दक्षिण टोकाला असल्याने अंतर जवळपास निम्म्यावर येईल. इतिहासात ती ऑक्टोबरमध्ये वापरात आली, मला थोडी आधी हवी आहे. बांधकाम तुकड्या आणि पुरवठा जहाजांनी पोचवतोय. तोपर्यंत हल्ले थांबवून माणसं वाचवावी, असं मला आतून वाटतंय. पण तेवढ्या काळात मित्राने लुंगाला (हेंडरसन फील्ड आहे तिथेच) आणखी स्क्वाड्रन उतरवल्या तर बुईनहूनही काही करता येणार नाही.

'ग्वादलकनाल सोडून दे' हा सल्ला कृपया नको, तो आधीच मिळालाय. जपानकडून १९४२ चा उत्तरार्ध खेळलेल्यांनी आपली विश्रांतीची टक्केवारी, उड्डाणाची उंची (तिचा थकव्याशी संबंध आहे का, हेही सांगा) आणि किती थकव्याला तुम्ही वैमानिक खाली उतरवता, एवढं लिहिलं तरी खूप होईल. तुकडीचा नायक बदलल्याने मनोधैर्यात फरक पडलेला कोणी पाहिला असेल, तर तेही सांगा. त्यासाठी खेळातले राजकीय गुण खर्चावे लागतात आणि माझ्याकडे ते थोडेच उरलेत. पुढचा टर्न मी रविवारी रात्री पाठवणार आहे, त्याआधी उत्तर आलं तर फार बरं होईल.