मदत हवी आहे: घरसामानात गाडीचा जुना विंच आणता येतो का?

पर्थहून कोल्हापूरला कायमचा परततोय. 1996 ची लँड क्रूझर, स्टिअरिंग उजवीकडे असूनही, आणता येत नाही. वापरलेली गाडी उत्पादनापासून 3 वर्षांच्या आतलीच लागते. कार्नेवर (गाडी तात्पुरती आणण्याच्या सीमाशुल्क कागदावर) आणली तर परत न्यावीच लागते. म्हणून ती इथेच विकतोय.

ठेवायचा आहे फक्त विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र: 9,500 पौंड वजन ओढणारा, 12 व्होल्ट, सिंथेटिक दोर. घरच्या एमएच-09 थारला बसवायचाय, गगनबावड्याकडच्या पावसाळी चिखलासाठी. दोर सोडवून धुतलाय, तरी ड्रमच्या कडेतून अजून लाल माती निघतेय. पावती आहे. एक एजंट म्हणतो घरसामानात लिहा, दुसरा म्हणतो वेगळा दाखवा. खोटं काही लिहायचं नाही.

न्हावा शेवाला सामान सोडवलेल्यांनी सांगा: वापरलेला विंच बॅगेजमध्ये शुल्क भरून सुटतो, की जुना सुटा भाग म्हणून परवाना मागतात?