मदत हवी आहे: ऑफरला ‘हो’ म्हणून उमेदवार गप्प झालाय, किती दिवस थांबायचं?

मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीचं काम बघते. बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी एका उमेदवाराचे सगळे राउंड झाले, पगाराचं बोलणं झालं, फोनवर तो ‘नक्की येतो’ म्हणाला. ऑफर लेटर गेलं आणि तिथून पुढे सामसूम. फोन वाजतो पण उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा येतात, त्यामुळे निरोप पोचत नाही असंही म्हणता येत नाही. इकडे हायरिंग मॅनेजर रोज विचारतो, "काय झालं त्याचं?"

अजून किती पाठपुरावा करू? जास्त केला तर मागे लागल्यासारखं होतं, सोडून दिलं तर जागा रिकामी. आणि पुढे याने परत अर्ज केला तर काय करायचं?

प्रतिसाद: जुनी खुर्ची

कुठल्या टप्प्यावर गप्प झाला यावर बरंच ठरतं. पहिल्या फोनलाच उत्तर नसेल तर बहुधा त्याने एकाच वेळी ढीगभर अर्ज टाकलेले असतात, तिथे वेळ घालवू नये. दोन राउंडच्या मध्ये गळाला तर आपल्या प्रक्रियेकडे बघायचं, दोन आठवडे काही कळवलं नाही की माणूस दुसरीकडे जातोच. ऑफरनंतरची शांतता वेगळी. सध्याच्या कंपनीने पगार वाढवून दिलेला असतो, नाहीतर तो दुसऱ्या ऑफरची वाट बघत असतो. तुमचं लेटर हातात ठेवून तिकडे घासाघीस चालू असते. त्याला ‘नाही’ म्हणायचं असतं, पण एकदा ‘हो’ म्हटल्यावर तोंड उघडायची लाज वाटते.

म्हणून ‘नाही’ म्हणणं सोपं करून द्या. मी साधारण असा मेल टाकतो: "आपलं उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आलं नाही तर आपण ही संधी घेत नाही असं समजून आम्ही पुढे जाऊ. निर्णय बदलला असेल तर एका ओळीत कळवलंत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही." शेवटच्या वाक्यावर उत्तरं येतात, हा माझा अनुभव. टोमणा मात्र एकही नको.

त्याआधी एकदा मार्ग बदलून बघा. कामाच्या वेळात फोन केला तर शेजारी साहेब बसलेला असू शकतो. अटॅचमेंट असलेला मेल स्पॅममध्येही जातो. फोन, मेसेज, मेल असं एकेकदा झालं की बास.

एक विचारतो, ऑफर लेटरवर स्वीकारायची शेवटची तारीख होती का? आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला नकार कळवलात का?

प्रतिसाद: खडूस

हे एकट्या तुमच्याकडे होत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या, फेडरल रिझर्व्हच्या, डिसेंबर २०१८च्या बेज बुकमध्ये (अर्थव्यवस्थेची विभागवार स्थिती सांगणारा त्यांचा अहवाल) शिकागो विभागाने नोंद केली होती की लोक न सांगता कामावर यायचे थांबतात आणि मग संपर्कच होत नाही. तिथे त्यासाठी ‘घोस्टेड’, म्हणजे समोरचा भुतासारखा गायब झाला, असा शब्द वापरलाय.

बाकी, तीन राउंड घेऊन उमेदवाराला महिनोन्‌महिने न कळवणाऱ्या एचआरवाल्यांनी हा प्रश्न विचारावा याची गंमत वाटली. तुम्ही त्यातल्या नसालही.

धागाकर्ती

खडूस, टोमणा पोचला :) नाकारलेल्यांना मी कळवते, पण उशीर होतो हे खरं.

जुनी खुर्ची, तारीख नव्हती. दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला अजून नकार दिलेला नाही. मॅनेजर म्हणतोय की त्याच्या सध्याच्या ऑफिसात फोन लावून विचार. लावू का?

प्रतिसाद: जुनी खुर्ची

अजिबात नको. त्याने तिथे राजीनामा दिलाय की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. आपल्या एका फोनने त्याची नोकरी धोक्यात येऊ शकते.

मॅनेजरला आजच सांगा की हा येणार नाही असं धरून चाला. तो ‘बघू, येईल’ या आशेवर राहिला की पुढच्या मुलाखतींना वेळ देत नाही. त्या मुलीला खरी स्थिती सांगा: "निर्णय अजून झालेला नाही, सोमवारपर्यंत कळवते." आणि सोमवारी कळवाच. शुक्रवारची मुदत टळली की याची ऑफर मागे घेतल्याचा मेल टाका. लेखी मागे न घेता तिला ऑफर दिलीत आणि हा उगवला तर एका जागेला दोन माणसं होतील. पुढच्या लेटरपासून शेवटची तारीख आणि सहीची प्रत परत मागणं, दोन्ही घाला.

प्रतिसाद: रिकामा रकाना

परत अर्ज केला तर काय, याचं उत्तर राहिलं. सिस्टीममध्ये फक्त घडलं ते लिहा: ‘ऑफरनंतर उत्तर नाही’ आणि तारीख. ‘बेजबाबदार’, ‘फालतू’ वगैरे शेरे नकोत. युरोपातल्या जीडीपीआरखाली, म्हणजे २५ मे २०१८पासून लागू असलेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, उमेदवार स्वतःबद्दलची माहिती मागवू शकतो, तेव्हा असले शेरे त्याच्या हातात पडतील. कायमचं काळ्या यादीत टाकणंही मला पटत नाही, घरातलं आजारपण असूही शकतं. पुन्हा आला तर पहिल्याच फोनवर सरळ विचारा, "मागच्या वेळी काय झालं होतं?" उत्तर ऐकून ठरवा.