मदत हवी आहे: ओव्हरक्लॉकसाठी स्वस्तातला प्रोसेसर कुठला घेऊ?

मंडळी, मी सांगलीत विश्रामबागला राहतो, लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो आणि रात्री थोडं गेमिंग. जुना पीसी आता अगदीच दमलाय, एक रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) लावला की जेवून येईपर्यंत तसाच. प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून वीस हजारच्या आत बसवायचंय, बाबांकडून एक रुपया मागायचा नाही असं ठरवलंय.

इथला एक दुकानदार इंटेलचा आय३ १२१००एफ घ्या, नंतर ओव्हरक्लॉक करा (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवा) म्हणाला, पण मी वाचलंय त्याप्रमाणे इंटेलमध्ये नावात के असलेलेच प्रोसेसर अनलॉक, म्हणजे वेग वाढवता येणारे असतात आणि वर झेड सिरीजचा बोर्ड लागतो, म्हणजे बजेट गेलंच की. एएमडीच्या रायझनमध्ये ५५०० आणि ५६०० दोन्ही सहा कोर, बारा थ्रेड आणि अनलॉक, फक्त ५५०० ला एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ला ३२. माझं मन ५६०० कडेच ओढतंय. बोर्ड बी४५० किंवा बी५५० घेणार, ए५२० वर ओव्हरक्लॉक होत नाही.

खरी काळजी उन्हाची वाटते. एप्रिल-मेमध्ये आमची वरची खोली पत्र्याची, दुपारी पंख्याचा वारासुद्धा गरम लागतो. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरवर ४.४ गिगाहर्ट्झ सगळ्या कोरवर टिकेल का, की आधी टॉवर कूलर (वेगळा, मोठा कूलर) घ्यावा? व्होल्टेज किती ठेवता? आणि जुना बी४५० घेतला तर नवा प्रोसेसर चालण्यासाठी बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट सांगली-मिरजेत कोण करून देतं का? कुणी स्वतः वापरत असाल तर नक्की सांगा, दिवाळीनंतर लग्नसराई सुरू व्हायच्या आत मशीन उभं करायचंय.